दुपारचा समुद्र

ता. ९ जानेवारी १९५५, हिंगणी

ही वही रूपरावानं सेलूच्या बाजारातून आणून दिली. म्हणाला, "बाबा, बसल्या बसल्या लिहीत जा." मुलगा वाईट नाही, पण ते 'बसल्या बसल्या' मला लागलं.

आमचं घर सुताराचं. तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. ते बैल कोरायचं काम रूपरावाचं आणि रंगवायचं माझं. गेल्या पोळ्याला बैलांचे डोळे वाकडे उतरले. एकाचा तर पार कानाजवळ गेला. सून कमला हसून म्हणाली, "मामाजी, हा बैल मागं पाहून राह्यला." सगळे हसले, मीही हसलो. कुंचलाच खराब होता. खारीचे चांगले केस आता मिळत नाहीत. पण त्या दिवसापासून रूपराव रंगाचे डबे स्वतःच उघडतो आणि मला ओसरीवर बाज टाकून देतो.

या वहीच्या ओळीही फिक्या छापल्या आहेत. आजकाल छापखानेवाले शाई वाचवतात.

ता. १२ जानेवारी

आज सेलूचा ताराचंद फोटोवाला आला. मला वाटलं रूपरावाकडे स्टूल करून घ्यायला आला असेल. तो माझ्याकडेच आला होता.

त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या मागे महालाच्या खांबांचा पडदा होता. तो उंदरांनी खाल्ला. आता लग्नसराईच्या आधी त्याला नवा पडदा हवा आहे, समुद्राचा.

"अण्णाजी, समुद्र पाह्यला का कधी?"

"नाई."

"काही हरकत नाई. माह्या गिऱ्हाइकानंही नाई पाह्यला."

त्यानं कापडात गुंडाळलेली एक तसबीर काढली. नागपूरला कुण्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून घेतलेली. छापील चित्र आहे, कुठल्या तरी परदेशातल्या किनाऱ्याचं. मडमा पांढरे झगे घालून, छत्र्या उघडून वाळूवर बसल्या आहेत. एक माणूस तोंडावर टोपी ठेवून आडवा झाला आहे. मागे पाणी.

जवळून पाहिलं तर नुसते डाग. वाटलं, चितारी अर्ध्यात टाकून जेवायला गेला आणि परत आलाच नाही. तोंडाला नाक नाही, हाताला बोटं नाहीत. मी तसबीर भिंतीला टेकवली आणि दारापर्यंत मागे गेलो, तर वारा सुटला! झगे फडफडायला लागले आणि पाणी हललं. मी पुन्हा जवळ गेलो, पुन्हा डाग. असं बराच वेळ पुढे-मागे केलं. ताराचंदचा चहा निवून गेला.

"मले अशीच भर दुपार पायजे," तो म्हणाला, "चकचकीत. फोटोत माणूस सुखी दिसला पायजे."

"नाई जमलं तं?"

"तं धुऊन टाकू. सरसाचा रंग पाण्यानं जाते. कापड माहंच हाय. मंग नागपूरचा पेंटर बलावतो."

त्यानं हे सहज म्हटलं. पण नागपूरचा पेंटर आला म्हणजे माझं ओसरीवर बसणं कायमचं ठरलं. आता या पडद्यावरच सगळं आहे. हो म्हटलं.

ता. १६ जानेवारी

मांजरपाट शिवून सुतारकामाच्या छपरीत भिंतीवर ठोकलं. सरस शिजवून खडूत कालवला आणि दोन हात दिले. सरसाच्या वासानं कमलानं नाकाला पदर लावला. परवा संक्रांतीचा तिळगूळ देताना म्हणाली होती, "गोड गोड बोला मामाजी, अन् तो सरस वावरात शिजवा."

तसबीर समोर ठेवली आहे. एक गोष्ट मला कळत नाही. ही माणसं तिथं करतात काय? कोणी धुणं धूत नाही, कोणी ढोरं पाजत नाही, कोणी घागर भरत नाही. नदीवर माणूस कामाशिवाय कशाला जाईल? हे नुसते बसले आहेत. आणि त्यांना कोणी हाकही मारत नाही.

ता. २० जानेवारी

आज रेघा आखायला घेतल्या. खडूची रेघ माझी मलाच धड दिसत नव्हती. छपरीत उजेड कमी आहे. रूपरावाला कौलं काढायला सांगितली. तो म्हणाला, "बाबा, उजेड तं भरपूर हाय." आजकाल याला काही सांगायची सोय राहिली नाही.

मग कुंचला ठेवून बसलो, तर एकदम आठवलं. नुसतं बसणं आमच्याही वाट्याला एकदा आलं होतं.

लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. घर माणसांनी भरलेलं. दिवसा नवऱ्यानं बायकोशी बोलायची रीत नव्हती. रुख्माबाईला माहेराहून आणत होतो, सोबत काका. बोर नदीच्या वाळूत गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निखळली. काकांनी बैल सोडले, चाक काढलं आणि ते गडगडवत लोहाराकडे घेऊन गेले. जाताना म्हणाले, "तुमी गाडी राखा."

उन्हाळ्याचे दिवस. नदी म्हणजे मोठी वाळू आणि तिच्यात पाण्याची एक पट्टी. आम्ही गाडी राखत बसलो. दोघांत हातभर अंतर. पलीकडे वाळूत डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी होती. वाडीवाल्यानं एक डांगर आणून दिलं. चाकू नव्हता, गाडीच्या जूवर आपटून फोडलं. रस तिच्या लुगड्यावर सांडला आणि ती हसली. ती मोठ्यानं हसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग तिनं विचारलं, "हे पाणी कुठं जाते?" मी चौथी शिकलेला. म्हटलं, एका नदीतून दुसऱ्या नदीत आणि शेवटी समुद्रात. ती म्हणाली, "मंग समुद्र भरून सांडत काऊन नाई?"

याचं उत्तर मला अजून आलेलं नाही.

काका यायला संध्याकाळ झाली. एवढ्या आयुष्यात नुसते बसलो ते तेव्हाच.

तिच्या अंगावर त्या दिवशी निळं लुगडं होतं. आज जेवताना तसं म्हटलं, तर म्हणाली, "निळं कुठलं? हिरवं होतं." मी म्हटलं, निळं. ती म्हणाली, "बरं, निळं. भाकर खा." आमचा हा वाद जुना आहे. ती हरल्यासारखं करते आणि हरत नाही.

ता. २७ जानेवारी

वाळू आणि आभाळ भरलं. ताराचंदला दुपार हवी म्हणून सफेदा लावला, पण तो भलताच डोळ्यांत खुपायला लागला. पाणी यायचं. आजकालच्या सफेद्यात काय घालतात कोण जाणे. मग त्यात थोडी पिवडीची पिवळी माती टाकली, थोडा गेरू. तरी खुपे. अजून गेरू टाकला. आता डोळ्याला गार वाटतं. दुपार आहे, पण सोसवेल अशी.

रेघा सोडून दिल्या. रेघ ओढली की दोन दिसतात. तसबिरीतल्यासारखे डागच देतो आहे, एकाला एक लागून. हे काम मला जमतं. रेघ चुकते, डाग चुकत नाही.

पाण्याच्या पलीकडे झाडांची एक ओळ घातली. ताराचंद मधेच येऊन पाहून गेला.

"अण्णाजी, समुद्राले पल्याडचा काठ नसते."

"मंग पाणी सांडत नाई का?"

"काठ पुसा."

पुसला. पूर्ण गेला नाही, धुक्यासारखा राहिला. राहू दे.

ता. ३ फेब्रुवारी

निळ्या रंगात भेसळ आहे. डब्यातला निळा हिरवट दिसतो आणि हिरवा काळपट. बाजूबाजूला ठेवले की कोणता कोणता ते समजत नाही. दुकानदाराला एकदा बोलायला पाहिजे.

आज माणसं घातली. मडमा काही मला जमायच्या नाहीत. एकच बाई घातली, नऊवारीतली, डोक्यावर काळी छत्री. लुगडं निळं दिलं. तिच्यापासून हातभर अंतरावर एक पागोटेवाला बसवला. आडवा नाही झोपवला. बाईमाणसापुढे कोण आडवा होतो?

रुख्माबाई चहा घेऊन आली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी डाग देत राहिलो. मला वाटलं, गेली. वळलो तर पदरानं डोळे पुसत होती. सरसाचा धूर लागला असेल.

"येवढं आठवते तुमाले?" म्हणाली.

"आठवायचं काय? तसबीर समोरच हाय."

ती कप घेऊन गेली. मी चहा प्यायलोही नव्हतो.

ता. ९ फेब्रुवारी

ठेचकाळलो. कमला पाट कुठंही ठेवते. गुडघा सुजला. फार काही नाही, पण घरात कोणाला वळण नाही.

ता. १६ फेब्रुवारी

वाईट दिवस.

पडदा गुंडाळून रूपरावाच्या गाडीनं सेलूला नेला. ताराचंदनं दुकानात टांगला. मी मागे उभा राहिलो आणि माझं मलाच बरं वाटलं. वारा सुटला होता, अगदी तसबिरीतल्यासारखा.

ताराचंद पुढे-मागे होऊन पाहत राहिला. मग म्हणाला, "चांगला हाय. पण अण्णाजी, म्या दुपार सांगतली होती."

"मंग हे काय हाय?"

"हे तं दिवस बुडून राह्यला."

मला वाटलं पैसे कमी करायला बोलतो. म्हटलं, "तुह्या दुकानात अंधार हाय. बाहेर नेऊन पाय."

आम्ही पडदा बाहेर रस्त्यावर आणला. लोक जमले. एक जण म्हणाला, "दिवेलागण झाली." दुसरा म्हणाला, "वा, काय सांज हाय!" ताराचंदनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सगळे तुहेच गिऱ्हाईक. तू म्हणशीन तेच म्हणतीन." मी ओरडलो. भर रस्त्यात, या वयात. रूपरावानं माझा दंड धरला. मला दुपार दिसत होती. डोळ्यासमोर भर दुपार दिसत असताना माणसानं ती नाही कसं म्हणायचं?

शेवटी ताराचंद म्हणाला, "राहू द्या. लग्नसराईत टांगून पाहातो. लोकाईले नाई आवडलं तं पावसाळ्याआधी धुऊन टाकीन."

परत येताना रूपराव गाडी हळू हाकत होता, जणू मी आजारी आहे. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

ता. १७ फेब्रुवारी

आज रुख्माबाई समोर येऊन बसली. म्हणाली, "वर्ध्याले डोळ्याचं शिबिर लागणार हाय. जाऊ."

"कोनाच्या डोळ्याले काय झालं?"

"पोळ्यापासून तुमी माह्या कानाकडे पाहून बोलून राह्यले."

मी म्हटलं, माझे डोळे बरे आहेत. कुंचला खराब आहे, सफेदा खराब आहे, निळ्यात भेसळ आहे.

ती म्हणाली, "आन् वहीच्या रेघा फिक्या हायेत. ऐकलं म्या सगळं. तुमी लिहितानी मोठ्यानं बोलता."

मी वही मिटली.

ता. २ मार्च, वर्धा

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. डॉक्टर तरुण आहे, माझ्याशी मोठ्यानं बोलतो, जणू मी बहिराही आहे. दोन्ही डोळे कापायचे, थोड्या दिवसांच्या फरकानं. मला भीती वाटते. जेवढं दिसतं तेवढंही गेलं तर? मग ताराचंदनं धुतलेलं कापड शेवटचं काम ठरेल, आणि तेही पाण्यात गेलेलं. रुख्माबाईला म्हटलं, परत जाऊ. ती म्हणाली, "गाडी गेली." गाडी गेली नव्हती, बैलांचा आवाज येत होता.

आता वही ठेवायला सांगतात.

ता. २४ एप्रिल, हिंगणी

आज चष्मा आला. काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. तो लावून लिहितो आहे. वहीच्या ओळी छान ठळक आहेत. मागची पानं वाचली. माझं अक्षर ओळ सोडून वर चढलं आहे, कुठे कुठे एकावर एक. छापखानेवाल्याला उगाच बोललो.

शिबिरात डोळ्यांना पट्ट्या बांधून निजवून ठेवलं होतं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. काही करायचं नाही, नुसतं पडायचं. रुख्माबाई शेजारी असायची. एकदा मी म्हटलं, "काका चाक घेऊन आले का?" ती म्हणाली, "अजून नाई." एवढंच बोललो.

आता निळा रंग किती निळा आहे! आभाळाकडे पाहवत नाही. कडुनिंबाच्या पानाला पानाची कड आहे. आणि रुख्माबाई. चष्मा लावला आणि समोर एक म्हातारी. तिनंही मला म्हातारा होताना पाहिलंच, पण रोज थोडं थोडं. माझ्यासमोर ती एकदम आली. म्हणाली, "काय पाह्यता?" म्हटलं, "चष्मा बसला का ते पाहातो."

ता. २५ एप्रिल

रात्रभर टोचत राहिलं. ताराचंद खरं बोलत होता आणि मी त्याच्यावर भर रस्त्यात ओरडलो. छपरीतले जुने डबे उघडून पाहिले. निळ्याचा डबा भरलेला, कुंचला लागलेलाच नाही. हिरव्याचा अर्धा संपलेला. गेरूचा तर तळ दिसतो. म्हणजे मी काढलं काय? समुद्राचं गढूळ डबकं काढलं असणार. आणि ते गावोगावच्या नवरा-नवरीच्या मागे टांगलेलं.

धुवायचं असेल तर ते मी धुणार, ताराचंद नाही. आणि त्याच कापडावर नीट दुपार काढून देणार. आता मला दिसतं. रूपरावाला गाडी जुंपायला सांगितली. रुख्माबाई म्हणाली, "मी येतो." मी म्हटलं, तुझं काय काम? ती आधीच लुगडं बदलून आली होती.

ता. २६ एप्रिल

कालचं लिहितो.

सोबत निळ्याचा डबा, सफेदा, कुंचले आणि बादली घेतली. दुकानात एक जोडपं फोटोला बसलं होतं, म्हणून दारात थांबलो. पडदा समोर होता.

डबकं नव्हतं. पण दुपारही नव्हती. कुठल्याही आंधळ्याला कळलं असतं. दिवस बुडायच्या बेतात होता. वाळू तांबूस, पाण्यावर शेवटची पिवळी पट्टी, पलीकडे पुसलेल्या काठाचं धुकं. समुद्र असा असतो का, मला माहीत नाही. ही वाळू मात्र मला माहीत होती. इथं गाडी उभी होती.

जोडपं गेल्यावर मी ताराचंदला म्हटलं, "चुकलं माहं. तू खरा होता. सोड पडदा, धुतो."

"अण्णाजी, हात लावान तं पाहा!" त्यानं माझ्या हातातली बादलीच धरली. "वीस कोसावरून लोक येऊन राह्यले. महालाच्या पडद्यासमोर पोरी अंग चोरून बसत होत्या. इथं बसल्या का खांदे सैल सोडतेत. आन् चेहरा कसा उठून दिसते! माह्या दुपारीत तो काळा झाला असता."

"पण तुले दुपार पायजे होती."

"मले धंदा पायजे होता. झाला." मग हसला. "बलावू का त्या रस्त्यावरच्या 'दिवेलागण'वाल्याले? त्यानं दोनदा फोटो काढला."

मला ते पटलं नाही. लोकांना आवडलं म्हणून चूक बरोबर होत नाही. मी रुख्माबाईला म्हटलं, "तुले दिसत होतं, तू काऊन नाई सांगतलं?"

ती पडद्याकडेच पाहत होती. म्हणाली, "मले वाटलं, तुमी तीच संध्याकाळ काढून राह्यले. माह्यासाठी."

ताराचंद उगाच कॅमेऱ्याचं काळं कापड झटकायला लागला.

मी खाली पाहून निळ्याचा डबा उघडला. म्हटलं, बाकी राहू दे, पण त्या बाईचं लुगडं तरी निळं करतो. ते हिरवं आलं आहे.

"हिरवंच होतं," रुख्माबाई म्हणाली.

"निळं होतं."

"पन्नास वर्षं झाले भांडता, आन् काढलं तं हिरवंच."

मी तिच्याकडे पाहिलं, मग लुगड्याकडे. हिरवं बरं दिसत होतं. डब्याचं झाकण लावून टाकलं.

ताराचंद म्हणाला, "आता आलेच हा तं बसा दोघंही. पैसे नको." रुख्माबाईचा फोटो कधी निघालेला नाही, माझाही नाही. बाकावर बसलो. बसताना आपोआप दोघांत हातभर अंतर ठेवलं गेलं. रुख्माबाईनं ते पाहिलं आणि सरकून जवळ बसली. म्हणाली, "काका नाई इथं." आणि हसली. मोठ्यानं. दारातून रूपरावानं वाकून पाहिलं.

मला काळजी वाटली की चष्म्यावर उजेड पडून डोळे दिसायचे नाहीत. काढू का विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या, तेवढीच तुमची नजर सरळ दिसन."

ताराचंद काळ्या कापडात शिरला आणि आतून म्हणाला, "हलू नका."

आम्ही हललो नाही. चाक दुरुस्त व्हायला अजून वेळ होता.